भिंतीच्या कोपऱ्यातले नाव



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते गुरुजी आयुष्यभर धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांमधून चित्रकला शिकवत राहिले. त्यांचा एक शिरस्ता त्यांच्या विद्यार्थ्यांना आजही आठवतो. वर्गाच्या भिंतीवर लावायच्या प्रत्येक चित्राखाली ते मुलाचे नाव, बापाचे नाव आणि गाव लिहायला लावत. चित्र कसेही उतरलेले असो, नाव लिहिल्याशिवाय ते भिंतीवर चढत नसे. आज बोलायचे तर हाच धागा धरून बोलावे असे मला वाटले. म्हणून विषय निवडला आहे तो रस्त्यावरच्या चित्रकलेचा, आणि ती करणाऱ्याच्या नावाचा.

गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या शहरांच्या भिंती रंगल्या. २०१६ मध्ये स्वच्छ सर्वेक्षण सुरू झाले, २०२० च्या ऑक्टोबरात माझी वसुंधरा अभियान आले, आणि नगरपालिकांनी कुंपणाच्या भिंती, पुलांचे खांब, बसस्थानकांच्या बाजू रंगवून घ्यायला सुरुवात केली. जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या बोलक्या भिंती तर त्याच्याही आधीच्या. तुम्ही कळंबहून निघा किंवा उमरग्याहून, वाटेतल्या गावांत पाढे, नकाशे, ऋतुचक्र, झाड वाचवा, पाणी जिरवा असे काही ना काही भिंतीवर दिसतेच. या चित्रांच्या खाली काय लिहिलेले असते ते एकदा थांबून वाचा. अभियानाचे नाव असते, कार्यालयाचे असते, साल असते, प्रायोजक असला तर त्याचेही नाव ठळक असते. ज्याने उन्हात परांचीवर उभे राहून ते चित्र काढले, त्याचे नाव बहुतेक ठिकाणी सापडत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो आणि मग त्याची कारणे मांडतो. सार्वजनिक भिंतीवर चित्र काढणाऱ्याचे नाव त्या चित्राखाली असलेच पाहिजे. हा मानपानाचा प्रश्न आहे असे समजू नका. मजुरी, जबाबदारी, कायद्याने मिळालेला हक्क आणि समाजाची आठवण या चारही गोष्टी त्या नावावर उभ्या आहेत.

आपल्या देशात रस्त्यावरच्या चित्रकलेची जी नवी चळवळ उभी राहिली, तिच्यातल्या एका कलावंताचे काम मला या संदर्भात फार महत्त्वाचे वाटते. त्यांचे नाव हनीफ कुरेशी. गुजरातेत वाढलेल्या कुरेशींनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेचे शिक्षण घेतले आणि जाहिरात क्षेत्रात काम केले. २०१४ मध्ये काही सहकाऱ्यांबरोबर त्यांनी स्टार्ट इंडिया फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. दिल्लीच्या लोधी कॉलनीतल्या सरकारी वसाहतीच्या भिंती, हैदराबादचा मख्ता, मुंबईतला ससून डॉक, माहीम अशी एकेक जागा त्यांनी चित्रांसाठी मिळवली. २२ सप्टेंबर २०२४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांनी चाळिशी नुकतीच ओलांडली होती.

मोठमोठ्या भिंती रंगवून घेणारा माणूस म्हणून कुरेशी प्रसिद्ध झाले. पण या कामाची सुरुवात त्याहून फार लहान गोष्टीपासून झाली होती, आणि ती गोष्ट धाराशिवच्या माणसाला लगेच कळेल. त्यांना वेड होते पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांच्या अक्षरांचे.

चाळिशीच्या पुढच्या श्रोत्यांना हे पेंटर आठवत असतील. पत्र्याला आधी रेड ऑक्साइडचा हात. तो वाळला की पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात. मग सुतळीला खडूची पूड चोळायची, एक टोक हाताखालच्या पोराकडे द्यायचे, दुसरे आपल्याकडे धरायचे आणि ताणलेली सुतळी मधोमध चिमटीत उचलून सोडायची. पाटीवर सरळ रेघ उमटे. वरची रेघ शिरोरेषेची, खालची अक्षरांच्या पायाची. पेंटर आधी अक्षरे मोजायचा. वेलांटीला आणि मात्रेला वर किती जागा लागेल, उकाराला खाली किती सोडावी लागेल, जोडाक्षर कुठे अडेल, हा सगळा हिशेब त्याच्या डोळ्यांत असे. खडूने अक्षरांचे सांगाडे मांडून झाले की डाव्या हातातल्या काठीवर उजवे मनगट टेकवून तो चपट्या ब्रशने एका दमात काना ओढी. अक्षरे भरली की त्यांना एका बाजूने काळी नाहीतर लाल सावली. आणि सगळे झाल्यावर पाटीच्या खालच्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत, स्वतःचे नाव. अमुक पेंटर. तमुक आर्ट्स.

ती सही म्हणजे त्याची हमी होती. पाटी आवडली तर पुढचा दुकानदार कोपरा वाचून त्याचा पत्ता काढी. रंग वर्षाच्या आत उडाला तर मालक तोच कोपरा वाचून जाब विचारायला येई. नाव होते म्हणून काम चोख होते, आणि काम चोख होते म्हणून दर सांगताना पेंटरची मान ताठ राहत असे.

दोन हजार सालानंतर फ्लेक्स आला आणि बघता बघता हे हात थांबले. तासाभरात छापून मिळणाऱ्या फलकापुढे आठवडाभर चालणारे काम टिकणे कठीणच होते. कुरेशींनी हे पाहिले आणि हँडपेंटेड टाइप नावाचा उपक्रम हाती घेतला. ते पेंटरांकडे जात, त्यांच्या हातची अक्षरे आणि अंक पूर्ण लिहून घेत आणि त्यांचे संगणकावर वापरता येतील असे फाँट तयार करत. त्या फाँटला नाव देत ते त्या पेंटरचेच. पेंटर कफील, पेंटर उमेश. दिल्लीच्या गल्लीत पाट्या रंगवणाऱ्या माणसाची अक्षरे त्याच्या नावासकट जगभरच्या संगणकांवर जाऊ शकली. विक्रीतला वाटाही त्या पेंटरला मिळावा अशी योजना त्यात होती. विद्यापीठात कला शिकलेला एक चित्रकार पाटी रंगवणाऱ्यासमोर शिष्यासारखा बसला, हे तर मला मोठे वाटतेच. पण त्याच्या अक्षरांवर स्वतःचे नाव घालायचा मोह त्याने धरला नाही, हे मला त्याहून मोठे वाटते.

भिंतींच्या कामातही हीच दृष्टी राहिली. लोधी कॉलनीत २०१५ नंतर पन्नासाहून अधिक मोठी चित्रे उभी राहिली. देशातले, परदेशातले चित्रकार तिथे येऊन रंगवून गेले. आज लोक तिथे मुद्दाम चालायला जातात आणि कोणती भिंत कोणाची हे नावानिशी सांगतात. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मुंबईच्या ससून डॉकवर जे प्रदर्शन झाले, त्याकडेही याच नजरेने पाहायला हवे. १८७५ मध्ये बांधलेली ही गोदी म्हणजे मासळीच्या व्यापाराची जागा. पहाटेपासून लिलाव, बर्फ, टोपल्या, आणि ओळीने बसून कोळंबी सोलणाऱ्या बायका. शहरातला पांढरपेशा माणूस एरवी तिकडे फिरकत नसे. प्रदर्शनाच्या वेळी त्या जुन्या गोदामांमध्ये चित्रे आणि मांडण्या उभ्या राहिल्या, आणि बाहेरच्या भिंतींवर गोदीत राबणाऱ्या कोळी आणि बंजारा बायकापुरुषांचे मोठाले काळे-पांढरे चेहरे डकवले गेले. ज्यांच्या हातची कोळंबी शहराने वर्षानुवर्षे खाल्ली, त्यांचे चेहरे शहराने पहिल्यांदा मान वर करून पाहिले. नळदुर्गाच्या, उमरग्याच्या बाजूच्या तांड्यांवरून दर हंगामाला कोयता घेऊन माणसे बाहेर पडतात, त्या आपल्या जिल्ह्याला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

मुंबईत हे कुरेशींच्याही आधी सुरू झाले होते. २००९ च्या ऑगस्टमध्ये वॉल प्रोजेक्ट या गटाच्या पुढाकाराने आणि महापालिकेच्या परवानगीने तुळशी पाइप रोडची लांबलचक भिंत शेकडो नागरिकांनी रंगवली. २०१२ मध्ये रणजित दहिया यांनी वांद्र्याच्या चॅपल रोडवर अनारकली रंगवून बॉलीवूड आर्ट प्रोजेक्ट सुरू केला. हे दहिया हरियाणातल्या खेड्यातले. उमेदीच्या वयात घरांना चुना मारण्याचे काम केलेले, पुढे कलाशिक्षण घेतलेले. २०१४ मध्ये त्यांनी वांद्र्याच्या एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळक्यांचे शंभर फुटांहून उंच चित्र रंगवले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले, जे.जे.त आणि बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला शिकलेले फाळके सिनेमाकडे वळले आणि १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र घेऊन आले. त्यांचा चेहरा शंभर वर्षांनी मुंबईच्या भिंतीवर चढवला तो एकेकाळी चुना मारणाऱ्या माणसाने. आणि आज त्या भिंतीबरोबर रणजित दहिया हे नाव घेतले जाते.

हे सगळे महानगरांचे झाले, आपल्याकडे त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण महाराष्ट्राच्या रस्त्यावरच्या चित्रकलेचे मूळ मुंबईइतकेच कोल्हापूर-पंढरपुराकडे आहे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री नाटकांचे पडदे रंगवत. लोकांनी त्यांना पेंटर म्हणायला सुरुवात केली आणि मूळचे आडनाव मागे पडले. बाबूराव पेंटरांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवली, आणि आपल्याकडच्या सचित्र सिनेमा-पोस्टरची सुरुवात त्यांच्यापासून मानतात. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईला आले तेव्हा सिनेमाचे फलक रंगवत, तेही चौरस फुटाच्या हिशेबाने. पुढे जगाने ज्यांची सही ओळखली, त्या हुसेनांनी रंगवलेले ते फलक पावसापाण्यात गेले. आज त्यांतला एखादा कोणता होता हे सांगणे अवघड आहे.

तिसरे उदाहरण मला सगळ्यात बोलके वाटते. कोल्हापूरचे जी. कांबळे. मराठा मंदिरात मुगल-ए-आझम लागला तेव्हाचे भव्य फलक त्यांच्या हातचे. त्यांनीच रंगवलेले शिवछत्रपतींचे चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. ते चित्र कचेऱ्यांत आहे, शाळांत आहे, घराघरांत आहे. महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्याही चित्राकडे इतक्या डोळ्यांनी पाहिले नसेल. आता या सभागृहाबाहेर जाऊन पहिल्या दहा जणांना विचारा, हे चित्र कोणी काढले? उत्तर क्वचितच मिळेल. चित्र इतके आपले झाले की चित्रकार आपला राहिला नाही. यात लोकांचा दोष नाही. हजारो प्रतींवर नाव छापायची तसदी आपण घेतली नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

भिंतीची ताकद किती असते हे आपल्या आधीच्या पिढीने पाहिले आहे. सत्तरच्या दशकात गावोगावच्या भिंतींवर गेरूने लिहिले होते, देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा. रेडिओ सगळ्यांकडे नव्हता, वर्तमानपत्र सगळ्यांना वाचता येत नव्हते, पण ती ओळ पाठ नाही असा माणूस सापडत नव्हता. १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रोगी आढळला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. त्या मोहिमेत डॉक्टर होते, आरोग्यसेवक होते, आणि गेरूची बादली घेऊन गावोगाव फिरणारे पेंटरही होते. डॉक्टरांची नावे इतिहासात आहेत. त्या पेंटरांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येणार नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो घेणारे मनापासून घेतात. आपल्या परंपरेत कलावंत अनाम राहत आला, मी-पण विसरून देवापुढे कला ठेवत आला, मग ही सहीची हौस पश्चिमेकडून आलेली नाही का? हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. पण आपली परंपरा तरी खरोखर असे म्हणते का, ते पाहू.

मराठवाड्यातच, कन्नड तालुक्यात, पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे एक दगडी यक्ष सापडला, तो आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, ढेरपोट्या, तोंडभर हसणारा. हात डोक्याकडे उचललेले. त्याच्या हाताच्या मागच्या बाजूवर ब्राह्मी अक्षरे कोरलेली आहेत आणि ती सांगतात की हे काम कान्हदास नावाच्या सोनाराने केले. दोन हजार वर्षांहून जुनी ही सही आहे. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दरवाज्याचे काम आपण केले असे कोरून ठेवले आहे. धर्मासाठी केलेल्या कामावर आपले आणि आपल्या धंद्याचे नाव घालायला या माणसांना संकोच वाटला नाही, आणि भिक्षुसंघालाही त्यात वावगे दिसले नाही.

आता आपल्या दारात येऊ. तेर. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात तगर म्हणून ज्याचा उल्लेख आहे ते गाव. तिथले विटांचे त्रिविक्रम मंदिर ज्या गवंड्यांनी बांधले, उत्तरेश्वराची लाकडी चौकट ज्या सुतारांनी कोरली, त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत. पण त्याच गावातल्या एका कुंभाराचे नाव सातशे वर्षे महाराष्ट्राच्या ओठांवर आहे. ते का टिकले? गोरोबाकाकांची भक्ती मोठी होती हे खरेच. त्याबरोबर आणखी एक साधी गोष्ट घडली. वारकरी संतांनी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा घालण्याची रीत पाळली, आणि नावाबरोबर आपला धंदाही सांगितला. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. अहंकार सोडा म्हणून सांगणाऱ्या या माणसांनी आपल्या रचनेवरचे नाव सोडले नाही. नाव घातल्याने त्यांची नम्रता उणावली असे आजवर कोणी म्हटले नाही. मडकी घडवणारे हात आणि अभंग रचणारे मन एकाच माणसाचे आहे, हे त्या मुद्रेमुळे पुढच्या पिढ्यांना कळले. आपल्याच शहरात २०२० च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा संमेलननगरीला या कुंभाराचे नाव दिले गेले. ज्या मातीत हे घडले, तिथे तरी भिंत रंगवणाऱ्याला नाव टाकू नको असे कोणी सांगू नये.

दुसरा आक्षेप असा की रस्त्यावरची खरी कला बिननावाचीच असते, रात्री गुपचूप काढलेली. बँक्सीसारखे कलावंत कोण आहेत हे जगाला माहीत नाही. पण बँक्सी हीसुद्धा सहीच आहे. स्वतःहून घेतलेले टोपणनाव आणि दुसऱ्याने पुसलेले नाव या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणाला टोपणनाव टाकायचे असेल तर त्याने ते टाकावे. तो निर्णय चित्रकाराचा असावा, कार्यालयाचा नव्हे.

तिसरा आक्षेप व्यवहारातला. भिंतीवर नावेच नावे झाली तर ती जाहिरात होईल. आपल्या चौकांकडे पाहा. वाढदिवसाच्या, निवडीच्या, अभिनंदनाच्या एकेका फ्लेक्सवर कितीतरी नावे आणि चेहरे असतात. नावांची आपल्याला ॲलर्जी आहे असे काही दिसत नाही. मग ज्याने स्वतःच्या हाताने काम केले, त्याच्या एका ओळीने भिंत विद्रूप होईल ही भीती आपण सोडून देऊ.

आता कायद्याकडे येतो, कारण इथे अनेकांना वाटते की नाव टाकू देणे ही मेहेरबानी आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्याचे, म्हणजे १९५७ च्या अधिनियमाचे, कलम ५७ सांगते की कलाकृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क कर्त्याला आहे. कलाकृती विकली, तिचे सगळे हक्क दुसऱ्याला लिहून दिले, तरी हा हक्क त्याच्याकडेच राहतो. त्याच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी कलाकृतीची मोडतोड झाली तर त्याला दाद मागता येते. या कलमाची मोठी कसोटी लागली ती शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या खटल्यात. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी त्यांनी १४० फूट लांब आणि ४० फूट उंच कांस्य भित्तिशिल्प घडवले होते. १९७९ मध्ये ते त्यांना न विचारता काढून गोदामात टाकले गेले, आणि त्याचे तुकडे झाले. सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत द्यायला सांगितले आणि ५ लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. शिल्प सरकारच्या मालकीचे होते, तरी कर्त्याचा हक्क संपलेला नव्हता, हे त्या निकालाने ठणकावून सांगितले.

न्यूयॉर्कमध्ये फाइव्ह पॉइंट्झ नावाची एक जुनी कारखान्याची इमारत होती. मालकाच्या परवानगीने तिथे वर्षानुवर्षे भित्तिचित्रे काढली जात. २०१३ मध्ये एका रात्रीत त्यांच्यावर पांढरा रंग फासला गेला. २०१८ मध्ये न्यायालयाने २१ चित्रकारांना मिळून साडेसदुसष्ट लाख डॉलरची भरपाई दिली. आपल्याकडेही २०२३ मध्ये मुंबईतल्या एका भित्तिचित्राचा वापर एका विमा कंपनीने न विचारता जाहिरातीत केला, तेव्हा स्टार्ट इंडिया फाउंडेशन दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि समाजमाध्यमांवरच्या त्या जाहिराती काढून टाकण्याचा आदेश झाला. ही सगळी प्रकरणे उभी राहू शकली, कारण कोणते काम कोणाचे हे दाखवता आले. ज्या भिंतीवर नाव नाही, ज्याच्या कार्यादेशात चित्रकाराचा उल्लेख नाही, तिथे उद्या दाद मागायची कोणी आणि कशाच्या आधारावर?

वारली चित्रांची गोष्ट याहून नाजूक आहे. आपल्याकडच्या सरकारी भिंतींवर सर्वांत जास्त दिसते ती वारली नक्षी. त्रिकोणांची माणसे, तारपा, फेर धरून नाच. ही कला डहाणू-पालघरच्या वारल्यांची. लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या भिंतीवर चौक लिहीत, त्यातून ती आली. पद्मश्री जिव्या सोमा मशे यांनी तिला कागदावर आणले आणि जगापुढे नेले. आपल्या भिंतीवर ती येते तेव्हा मशे यांचे नाव नसते, वारली समाजाचे नसते, आणि नक्कल करणाऱ्या स्थानिक पेंटरचेही नसते. जिची नक्कल केली तिचा मान राखायचा असेल तर निदान ही कला कोणाची हे लिहा. त्याहून चांगले म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या भिंतीवर आपल्या जिल्ह्यातले काही येऊ द्या. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीचे पाणी पाणीमहालावरून कोसळते. तुळजापुरात संबळ वाजतो. तेरच्या मातीतून हस्तिदंती बाहुली निघाली. चित्रकाराला विषयांचा दुष्काळ पडणार नाही. पाण्याचा दुष्काळ सोसलेल्या या जिल्ह्याने तेवढी श्रीमंती तरी जपावी.

आणि भिंत कोणाची, हेही विचारले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जो भूकंप झाला, त्याने लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. लोहारा-उमरग्याच्या भागातली अनेक गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, सारखी घरे, मोकळ्या भिंती. जुन्या वाड्यांतले ओटे, कोनाडे, देवळ्या, चौकटींवरची नक्षी मातीखाली गेली. या नव्या गावांच्या भिंतींवर चित्रे यावीत असे मला मनापासून वाटते. पण ती जिल्ह्याच्या ठिकाणाहून ठरवून पाठवलेली नसावीत. आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे. जुनी वेस कशी होती, पार कुठे होता, दिवाळीला बायका दारात काय काढत, हे विचारावे. आपल्या घराच्या भिंतीवर काय असावे आणि काय नको, हे ज्याने त्या रात्री माणसे गमावली त्याला ठरवू द्यावे. चित्रकाराने रस्त्यावर उतरायचे याचा अर्थ मला एवढाच कळतो. त्याने समोरच्या माणसाचे ऐकायचे, मग रंगवायचे, आणि मग खाली आपले नाव लिहून त्या माणसाला सांगायचे की यात काही चुकले असेल तर मला विचार.

आता काय करता येईल ते सांगतो. आपल्या आठ तालुक्यांत, धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशीत, हाताने पाट्या रंगवणारे जुने पेंटर अजून आहेत. काही जण गणपतीच्या मूर्ती रंगवतात, काही घरांचे रंगकाम करतात, काहींनी ब्रश खाली ठेवला आहे. आपल्या महाविद्यालयांतल्या मुलांनी त्यांच्याकडे जावे. जुन्या बाजारपेठेत शिल्लक असलेल्या पाट्यांची छायाचित्रे काढावीत, कोपऱ्यातली नावे टिपून घ्यावीत, त्या माणसांशी बोलून त्यांची अक्षरे लिहून घ्यावीत. कुरेशींनी एका मोठ्या देशासाठी जे केले ते आपण एका जिल्ह्यासाठी करू शकतो. त्यासाठी एखादी वही, मोबाइलचा कॅमेरा आणि समोरच्याविषयी आदर एवढे पुरे.

शाळांनी बोलक्या भिंती रंगवून घेताना पेंटरला मुलांसमोर काम करू द्यावे आणि त्याचे नाव मुलांना सांगावे. एखाद्या पोराला त्यातून धंदा दिसेल, एखाद्या पोरीला कला दिसेल. नगरपालिकांनी एखादी रंगलेली भिंत पाडायची किंवा पुसायची असेल तर चित्रकाराला आधी कळवावे आणि चित्राचे छायाचित्र काढून ठेवावे. महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा कायदा आहे. परवानगीशिवाय भिंत रंगवणाऱ्याला तो शिक्षा सांगतो, आणि ते रास्तच आहे. परवानगी घेऊन ज्याने भिंत देखणी केली, त्याच्याविषयीचे आपले कर्तव्यही तितक्याच स्पष्टपणे कागदावर यावे.

हे कर्तव्य एका ओळीत मावते. यापुढे नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत किंवा शाळा भिंत रंगवून घेण्याचा कार्यादेश काढेल तेव्हा त्यात एक अट असावी: चित्राच्या खालच्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव, गाव आणि साल वाचता येईल अशा अक्षरांत लिहिले जाईल, आणि त्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानले जाणार नाही. या ओळीसाठी नवा कायदा लागत नाही, वाढीव निधी लागत नाही, मुंबईची परवानगी लागत नाही. आज या सभागृहात नगरसेवक आहेत, मुख्याध्यापक आहेत, सरपंच आहेत. तुमच्यापैकी एकाने जरी पुढच्या कार्यादेशात ही अट घातली, तरी आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.